आखूड स्क्रू

आमचे हे घाबरट आहेत. पाठीमागे बोलत नाहीये मी, तोंडावरही हेच सांगते, आणि आल्यागेल्यासमोर सांगते. कुकरची शिट्टी झाली की दचकतात. रस्ता ओलांडताना माझं कोपर धरतात, आणि ते काही प्रेमाने नव्हे. समोरून कुत्रं आलं तर त्याला वाट देऊन हे गटाराच्या कडेला अंग चोरून उभे राहतात, मग कुत्रंच बिचारं ओशाळून निघून जातं. लग्न ठरवताना माझ्या आईने एवढंच विचारलं होतं, की मुलगा तापट तर नाही ना? नाही बाई, मुळीच नाही. तापटपणा सगळा माझ्या वाट्याला आलाय, त्यामुळे घरात त्याची कधी टंचाई पडली नाही.

आता असा माणूस धंदा काय करतो, तर फोन दुरुस्त करतो. एकाच गाळ्यात आमची दोन दुकानं. डाव्या हाताला माझं शिलाई मशीन, उजव्या हाताला त्यांचं टेबल आणि दिवा, मध्ये पडदा. पडदा मीच शिवलाय, पण तो ओढलेला कुणी पाहिला नसेल. एकट्याने बसायचं म्हटलं की ह्यांचं काम होत नाही.

नवा फोन ह्यांच्याकडे कशाला येईल? येतात ते दोन-तीन हात फिरलेले, कंपनीने ज्यांचे भाग बनवणंसुद्धा सोडून दिलंय असे. मग हे मेलेल्या फोनांचा डबा उघडतात. एकाची काच काढायची, दुसऱ्याचं पाठीचं झाकण, तिसऱ्याची बॅटरी. बसत नसेल तर कानशीने घासायचं, सैल होत असेल तर खाली चिकटपट्टी लावायची. ह्या फोनची आई कोण नि बाप कोण, देवालाच ठाऊक, असं मी म्हणते. पण चालतात हो ते. लोक वर्षानुवर्षं वापरतात.

सगळ्यात जास्त धास्ती त्यांना बॅटरीची. "आग असते गं ती," म्हणतात, "घडी घालून पाकिटात ठेवलेली." दुरुस्त झालेला प्रत्येक फोन हे वाळू भरलेल्या कुंडीत ठेवून चार्जिंगला लावतात आणि दुसऱ्या दिवशी बघतात, तापलाय का, फुगलाय का. म्हणून फोन त्याच दिवशी कुणालाच मिळत नाही. आलेल्याला ठरलेलं उत्तर, उद्या या. गल्लीतली पोरं त्यांना 'उद्याकाका' म्हणतात. आणि आम्ही दोघं स्वतः वापरतो बटणांचे फोन, कारण दुसरा कुठला फोन ह्यांनी घराच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊच दिला नाही. ताकही फुंकून पिणारा माणूस. मी वैतागायचे. अजूनही वैतागते.

तर त्या रविवारी दुपारी रंगारी आला. घरं रंगवणारा, कानाच्या पाळीवरसुद्धा पांढरा ठिपका. त्याने एक जुना फोन घेतला होता, बॅटरी गेलेला आणि पाठ फुटलेला, आणि आदल्या दिवशी आमच्याकडे टाकला होता. त्या जातीची बॅटरी काही मिळाली नाही. दुसऱ्या कुठल्या फोनची, किंचित रुंद, अशी ह्यांनी बसवली होती. झाकण तिसऱ्याच फोनचं. काम नुकतंच संपलं होतं आणि फोन कुंडीत ठेवून थोडाच वेळ झाला होता.

"उद्या या," हे म्हणाले.

"दादा, उद्या उपयोग नाही." तो काही ओरडला नाही. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत उभा राहिला. "पोरीची आई लांब कामाला आहे. एका म्हातारीला सांभाळते, दिवसरात्र तिथेच. तिच्याकडे साधाच फोन आहे, त्यात तोंड दिसत नाही. आज त्या घरची मुलगी येणारे, ती आपला फोन देणारे थोडा वेळ. माझ्या पोरीचे पुढचे दात पडले, नवे आले, तिच्या आईने बघितलेले नाहीत."

आता ह्यावर काय बोलणार कोणी? ह्यांनी माझ्याकडे बघितलं, कुंडीकडे बघितलं. ह्यांना बॅटरीची भीती आहे, पण माणसाला तोंडावर नाही म्हणायची भीती त्याहून मोठी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. त्यांनी फोन वाळूतून काढला, फडक्याने पुसला आणि त्याच्या हातात दिला. "मागच्या खिशात घालू नका, उशीखाली ठेवू नका, कुठे आपटू नका," असं हे सांगतायत तोवर तो रस्त्याला लागलासुद्धा.

मी एका झग्याची टीप उसवत होते. हे आपलं टेबल आवरायला लागले. आवरताना ह्यांची पुटपुट चालू असते, हा इथला, तो तिथला. ती पुटपुट एकदम थांबली. मी मान वर केली तर हे चिमटा डोळ्यांसमोर धरून बसलेले. चिमट्याच्या टोकाला तिळाएवढा स्क्रू.

"हा इथे कसा?" हे म्हणाले.

"मला काय विचारताय? तुमचे स्क्रू, तुमचं टेबल."

"अगं, हा आत असायला हवा होता."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कळायला थोडा वेळ लागला. त्यांच्या टेबलावर लोहचुंबकाची मॅट असते. तिच्यावर खडूने घरं आखलेली. फोनमध्ये जो स्क्रू जिथला, तो मॅटवर त्याच घरात ठेवायचा. जुनी पाठ जाड होती, तिचा त्या जागेचा स्क्रू लांब. नवी पाठ पातळ, तिला तिथे आखूड हवा. दोघांचं भोक एकच, म्हणून दोन्ही स्क्रू एकाच घरात ठेवलेले. बंद करताना आखूड घालायचा तो राहिला आणि लांब आत गेला. इतक्या सावधपणे, इतक्या शिस्तीने वेंधळेपणा दुसरं कुणी करूच शकणार नाही!

"मग काय होतंय? जरा जास्त घट्ट बसेल," मी म्हणाले.

"बॅटरी रुंद आहे. तिची कड बरोब्बर त्याच्या खाली येते." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "टोक टेकलंय तिला. फोन पडला, कुणी दाबला, कुणी वर बसलं, तर टोक आत जाईल."

"आणि गेलं तर?"

ह्यांची नजर वाळूच्या कुंडीकडे गेली. मला एकदम रंगाऱ्याची खोली दिसली. मी काही ती पाहिलेली नव्हती. पण रंगाऱ्याच्या घरात काय असणार, रंगाचे डबे आणि थिनर. एका ठिणगीने भडकतं ते.

"फोन करा त्याला!"

"केला तर तो कानाला लावेल ना. दाबून धरेल."

"आणि नाही केला तर खिशात घालून बसेल! तुम्ही विचारच करत बसा!" मी माझा फोन उचलला. फोन टाकताना त्याने दिलेल्या चिठ्ठीवर नंबर होता, तो लावला. घंटा वाजायला लागली. एरवी कुणी लवकर उचलला नाही तर मी शिव्या घालते, त्या दिवशी प्रत्येक घंटेला वाटत होतं, नको उचलूस बाबा, लांबच राहू दे.

उचलला.

"आई?"

पोरीचा आवाज. माझी बोबडीच वळली. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी फोनवर हात ठेवून म्हणाले, "पोरगी आहे." हे उभे होते ते भिंतीला टेकले.

"आई नाही गं बाळा. बाबा कुठेत?"

"शिडी परत द्यायला गेलेत. तू कोण, आजी?"

मी आजी! माझ्या डोक्यात एवढ्यातही तिडीक गेली, काय सांगू. पण गिळली. "हो, आजीच. बरं, तुझ्याजवळ कोण आहे?"

"कोण नाही. बाहेरून कुलूप आहे."

हे फोनला कान लावून ऐकत होते. कुलूप म्हटल्यावर त्यांच्या घशातून कसलासा आवाज निघाला. मी त्यांना कोपराने ढकललं आणि आवाजात मध घातला. इतकं गोड मी माहेरी गेल्यावरही बोलत नाही. "बाळा, तो फोन कानाला लावू नको हं. तो स्पीकर असतो ना, तो लाव, आणि फोन खाली ठेव. आपण लांबून बोलू."

"लावला. ठेवला."

"कुठे ठेवला?"

"गादीवर. वर उशी ठेवलीय, म्हणजे पडणार नाही."

अगं बाई गं! हे डोकं धरून खाली बसले. "उशी काढ, राजा," मी म्हणाले, "हळू काढ. फोन दाबू नको. फरशीवर ठेव." काय खुडबुड झाली देव जाणे. मला हसावं की रडावं कळेना. "आणि सांग बरं, तुझ्या खिडकीतून काय दिसतं?"

"ड्रम दिसतो. निळा. आणि लाकडं."

लाकडाची वखार आमच्यापासून लांब नाही, रस्ता ओलांडून पलीकडच्या वळणावर. मी ह्यांना सांगायला वळले तर जागेवर माणूस नाही. दाराबाहेर पाठ दिसली. चपला इथेच, टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर तेवढा नाहीसा झालेला. रस्ता त्यांनी एकट्याने ओलांडला. एका टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला, त्यांच्या सात पिढ्या काढल्या, ह्यांनी मान वळवून पाहिलं नाही. मी दुकान तसंच उघडं टाकलं आणि फोन कानाला लावून मागे धावले.

"आजी, तू ठेव आता," पोरगी म्हणाली. "आईचा फोन लागणार नाही."

"लागेल गं, लागेल. मी एकच गोष्ट सांगते..."

"नको. ठेव." आणि तिने ठेवलासुद्धा.

ती धाव मी विसरणार नाही. जोवर बोलत होतो तोवर निदान कळत होतं की पोर बोलतेय, जिवंत आहे. आता नुसती माझी धाप. वखारीच्या बाजूला काहीतरी धाडकन पडलं, कुणी फळ्या उतरवत असेल, पण मला वाटलं, झालं. मी भिंत धरली, परत सोडली, परत धावले. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही, आणि आठवलं तरी सांगणार नाही.

वखारीच्या मागे खोल्यांची एक रांग होती. निळ्या ड्रमसमोरच्या दाराला हे एवढं मोठं कुलूप. शेजारच्या खोल्या बंद, रविवार म्हणून सगळे कुठे कुठे गेलेले. खिडकी होती, तिला गज. गजांच्या आत ती पोरगी पेटीवर चढून उभी, फोन दोन्ही हातांनी छातीशी गच्च धरलेला. बाहेर हे गुडघ्यावर. खिडकीतून थिनरचा वास भपकन येत होता, डबे तिच्या पायाशीच होते.

"दे बाळा," हे म्हणत होते.

"नाही. बाबांनी सांगितलंय, कुणाला द्यायचा नाही."

"बरोबर सांगितलंय." ह्यांचा आवाज कापत होता, पण बोलणं हळू होतं. "पण तो असा दाबू नको. बघ, मी फोनवाला काका. हा मीच नीट केलाय, आणि करताना माझ्याकडून एक चूक झाली. ती काढायला आलोय."

"मग तू घेऊन जाशील."

"नाही नेणार. इथेच उभा राहीन."

"आणि आईचा फोन आला की?"

मी मागून पोचत होते. ह्यांनी मला पाहिलं नाही. ते म्हणाले, "आला की इथेच धरीन. तुला आई दिसेल असा धरीन."

"शपथ?"

"शपथ."

पोरीने थोडा विचार केला. मग फोन गजांमधून बाहेर केला, पण अर्धाच, आपली बोटं न सोडता. ह्यांनी दोन बोटांनी त्याच्या कडा धरल्या, मध्ये कुठेही हात न लावता, आणि वाट बघत राहिले. ओढला नाही. एकेक करून तिने बोटं सोडली.

फोन बाहेर आला. माझा जीव जरासा खाली आला. "तापलाय," हे मला नुसत्या ओठांनी म्हणाले. खिडकीपासून लांब एक दगड होता, त्यावर ठेवायचा आणि स्क्रू काढायचा, एवढंच उरलं होतं. हे वळले, एक पाऊल टाकलं, आणि फोन वाजला.

"आई!" पोरगी किंचाळली.

"ठेवा तो!" मी ओरडले. "फेका तिकडे! तुम्हाला कळतंय का काय धरलंय हातात?"

त्यांना कळत होतं. माझ्यापेक्षा जास्त त्यांनाच कळत होतं. फोन वाजत होता. पोरगी गजांतून तोंड बाहेर काढायला बघत होती, गाल दोन्हीकडून दबलेले, आणि म्हणत होती, "काका, शपथ! काका, शपथ!" तिकडे त्या परक्या घरात कुणाचा तरी मागून घेतलेला फोन कानाशी, डोळ्यांशी धरून एक बाई बसली असणार. कट झाला तर पुन्हा कधी मिळेल कोण जाणे.

हे परत खिडकीशी आले. हाताच्या अंतरावर थांबले, भिंतीच्या बाजूला सरकले, म्हणजे काही झालं तर पोर आणि डबे भिंतीच्या आड राहावेत. हात तेवढा लांब केला, आणि अंगठ्याने फोन उचलला.

नंतर पाठ उघडली तेव्हा बॅटरीच्या कडेवर सुईच्या टोकाएवढा खळगा दिसला. फाटली नव्हती. ते नंतर. तेव्हा आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.

"चिमणे!" फोनमधून आवाज आला. एक ओढलेला चेहरा, डोक्याला रुमाल बांधलेला. तो हसला आणि लगेच रडायला लागला. "चिमणे, कशी आहेस गं? अगं पण तू अशी थरथरतेस का? ताप आलाय का तुला?"

"मी नाही थरथरत. तूच हलतेस."

"मी कुठे हलतेय? बाबा कुठेत?"

"शिडी द्यायला गेलेत."

"मग फोन कुणी धरलाय?" तो आवाज एकदम बदलला. आईचा आवाज असा कधी बदलतो ते मला ठाऊक आहे. "चिमणे, कोण आहे तिथे?"

"एक काका आहेत, खिडकीच्या बाहेर. खूप घाबरलेत."

लांब कुठेतरी अडकलेली बाई, पोर कुलपात एकटी, आणि खिडकीशी कोणी परका पुरुष. बाईचा जीवच गेला असता. मी पुढे झाले आणि ह्यांच्या खांद्यावरून फोनसमोर तोंड धरलं. एवढी मी बोलघेवडी, भांडणात शब्द कमी पडत नाहीत, पण काय सांगू तेच सुचेना. खरं सांगावं तर ती तिकडे वेडी होईल.

"ताई, मी आहे इथे," मी म्हणाले. "हे माझे मिस्टर. फोन दुरुस्त करतात. ह्यांचा हात जरा हलतो एवढंच. पोर मजेत आहे, तुम्ही बोला."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा घामाने निथळणारा अवतार बघून तिचा विश्वास कसा बसला, मला अजून कळलेलं नाही. पण बसला. "मावशी, उपकार झाले," म्हणाली. "चिमणे, दात दाखव ना मला."

पोरीने ओठ वर खेचून दात दाखवले.

"दिसत नाहीत गं नीट. सगळं हलतंय. दादा, जरा तिच्याजवळ धरा ना."

ह्यांनी जवळ नेला नाही. हात होता तिथेच ठेवला. पण तो थरथर काही थांबेना, दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला तरी थांबेना. घाम डोळ्यांत चालला होता आणि पुसायला हात नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. एवढी भीती मी त्यांच्या तोंडावरसुद्धा कधी बघितली नव्हती, आणि भीतीच्या बाबतीत मी त्यांचं सगळं बघितलंय. "अगं, तू लांब हो," ते कुजबुजले. "लांब जा तू."

"गप बसा," मी म्हणाले, आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. घट्ट. फोनची ऊब माझ्या बोटांना लागत होती. मी डोळे मिटून घेतले.

"हां, आता दिसले!" फोनमधून ती म्हणाली. "अगो बाई, केवढे मोठे आलेत! सशासारखे! हस बघू. परत हस." पोरगी हसली, मग तीही हसली, मग दोघी काय काय बोलायला लागल्या. शाळेतली कोण, फ्रॉक कुठला, केस कोण विंचरतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, पुरे गं बाई, पुरे आता, ठेव.

"मावशी," ती म्हणाली, "दादांना म्हणावं, हात दुखत असेल, पण अजून जरा धरा. इथे अजून कुणी फोन परत मागितलेला नाही."

मी डोळे उघडले.

"धरलाय," हे म्हणाले. "तुम्ही बोला सावकाश."